साथीची खबर कोणी द्यायची?



जग जवळ कसं आलं असं विचारलं की आपल्या डोळ्यांसमोर तह येतात, महायुद्धं येतात, मोठे नेते येतात. मला आज दुसऱ्या फळीतल्या माणसांविषयी बोलायचं आहे. तारखात्यातले इंजिनिअर, टपालखात्यातले अधिकारी, वजनमापांचे जाणकार, बंदरांवरचे डॉक्टर. देशादेशांमधला रोजचा व्यवहार सुरळीत झाला तो बहुतांशी त्यांच्या खटपटीमुळे.

एक उदाहरण देतो. १८५०च्या सुमाराला पॅरिसहून जर्मन मुलखात तार करायची तर ती सरहद्दीवर थांबायची. स्ट्रासबुर्गच्या तारघरात एक फ्रेंच कर्मचारी आणि एक बाडेन संस्थानचा कर्मचारी समोरासमोर बसत. फ्रेंच माणूस आलेला मजकूर कागदावर उतरवून मेजापलीकडे द्यायचा, पलीकडचा त्याचं जर्मन करून पुढे धाडायचा. विजेच्या वेगाने आलेली बातमी इथे हातांनी ओलांडत असे. १७ मे १८६५ रोजी पॅरिसमध्ये वीस देशांनी तारसंघ स्थापन केला आणि ही अडवणूक संपायला लागली. १८७४ साली बर्नला टपालसंघ झाला, १८७५ साली मीटरचा करार झाला. ऱ्हाइन नदीवरच्या वाहतुकीचा आयोग तर १८१५च्या व्हिएन्ना परिषदेतूनच निघाला होता. हिंदुस्थान तारसंघात १८६९ साली आणि टपालसंघात १८७६ साली दाखल झाला. काँग्रेसची स्थापना व्हायला तेव्हा काही वर्षं अवकाश होता. राजकीयदृष्ट्या परतंत्र असलेला आपला देश तांत्रिक व्यवस्थेत आधीच सभासद होता, हे आपल्याकडे फार थोड्यांच्या लक्षात असतं.

डेव्हिड मित्रानी या मूळ रुमानियाच्या विद्वानाने १९४३ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, या अनुभवातून एक सिद्धांत मांडला. राष्ट्रांना एका झेंड्याखाली आणण्याच्या भानगडीत पडू नका, त्यांना एकेका कामासाठी एकत्र आणा, त्या कामांच्या जाळ्यातूनच शांतता उभी राहील, असं त्याचं म्हणणं. युरोपात पुढे कोळसा आणि पोलादाच्या संघापासून जी जुळणी सुरू झाली तिच्यामागे याच धर्तीचा विचार होता.

माझा या विचाराकडे ओढा आहे, पण तो जसाच्या तसा मला पटत नाही. तार आणि टपाल ही सोपी उदाहरणं आहेत. तिथे सगळ्यांचाच फायदा होता आणि तारेतली वीज कोणत्या नियमाने वाहते याबद्दल दोन तज्ज्ञांमध्ये वाद नव्हता. तज्ज्ञांची खरी परीक्षा झाली ती साथीच्या रोगांच्या बाबतीत. तिथे ज्ञान अपुरं होतं, व्यापाराचं नुकसान अफाट होतं आणि खरं बोलणारा देश हमखास मार खात होता. शिवाय या इतिहासाच्या मध्यावर आपली मुंबई आहे. म्हणून आज हाच धागा धरतो.

२३ जुलै १८५१ रोजी पॅरिसमध्ये पहिली आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. बारा राज्यं आली होती आणि प्रत्येकाने दोन माणसं पाठवली होती : एक डॉक्टर, एक मुत्सद्दी. दोघांना वेगवेगळं मत होतं. म्हणजे एकाच देशाचा डॉक्टर आणि मुत्सद्दी परस्परविरुद्ध मत देऊ शकत होते. मला ही रचना विलक्षण वाटते. तज्ज्ञाला त्याच्या सरकारपासून मोकळं मत असावं, ही कल्पना कुणीतरी तेव्हाच आणून बसवली होती. परिषद जवळजवळ सहा महिने चालली. आणि तिच्यातून काय निघालं? काहीच नाही. करार लिहिला गेला, पण मोजक्या राज्यांनी तो मान्य केला आणि पुढे तोही बारगळला.

घोडं पेंड खात होतं ते कॉलऱ्याच्या कारणापाशी. ही पटकी माणसाकडून माणसाकडे जाते, की घाणेरड्या हवेतून उद्भवते? लागण होते असं मानलं तर जहाजं अडवायला हवीत, प्रवासी आणि माल दिवसेंदिवस बंदरावर डांबून ठेवायला हवेत. हवेतून होते असं मानलं तर अडवण्याला अर्थच नाही, गटारं बांधा म्हणजे झालं. भूमध्य समुद्रावरच्या देशांना पहिलं मत पटत होतं, समुद्री व्यापारावर जगणाऱ्या इंग्लंडला दुसरं. १८५९ साली पुन्हा पॅरिसलाच दुसरी परिषद भरली तेव्हा संयोजकांनी डॉक्टरांना बोलावलंच नाही. डॉक्टर नुसते भांडतात, कारभाराचं मुत्सद्दी बघून घेतील असा हिशोब होता. पण डॉक्टरांना वगळूनही काही हाती लागलं नाही.

आता या डॉक्टरांना दोष देणं सोपं आहे. पण फ्लॉरेन्समध्ये फिलिप्पो पाचिनीने १८५४ सालीच सूक्ष्मदर्शकाखाली कॉलऱ्याचा जंतू पाहून ठेवला होता आणि त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. लंडनमध्ये जॉन स्नोने पाण्याचा संबंध दाखवला होता, तोही बराच काळ वादातच राहिला. उपलब्ध ज्ञान आणि मान्य झालेलं ज्ञान यांच्यात किती वर्षं जातात आणि त्या वर्षांत किती माणसं जातात, याचा हा नमुना आहे.

१८६५ साली हजच्या वेळी मक्केत कॉलरा भडकला. तिथून तो इजिप्तमध्ये आणि तिथून युरोपभर पसरला. दुसऱ्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपलला परिषद भरली आणि तिने निष्कर्ष काढला की कॉलऱ्याचं मूळ ठाणं हिंदुस्थानात, गंगेच्या खोऱ्यात आहे. त्या दिवसापासून हिंदुस्थान हा या परिषदांचा कायमचा विषय झाला. १८६९ साली सुवेझचा कालवा उघडला आणि मुंबई युरोपच्या उंबरठ्यावर आली. व्यापाऱ्यांना आनंद झाला तितकीच बंदरावरच्या डॉक्टरांची झोप उडाली.

रॉबर्ट कोखने १८८३ साली इजिप्तमध्ये आणि १८८४च्या सुरुवातीला कलकत्त्यात कॉलऱ्याचा स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू शोधला. १८८५ साली रोमच्या परिषदेला तो स्वतः हजर होता. वाद मिटायला हवा होता. पण ब्रिटनच्या आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या वैद्यकीय प्रतिनिधींनी तो जंतू हे रोगाचं कारण म्हणून मानायला नकार दिला. ते अडाणी नव्हते, त्यांच्यापैकी काहींनी हिंदुस्थानात हयात घालवली होती. पण सुवेझमधून जाणाऱ्या जहाजांत बहुसंख्य ब्रिटिश होती आणि जंतू मान्य करणं म्हणजे ती जहाजं अडवू देणं. तज्ज्ञ सरकारचं आज्ञापत्र खिशात घेऊन बसतो तेव्हा त्याच्या शास्त्राला कुठपर्यंत मोकळीक असते, या प्रश्नाचं याहून स्पष्ट उत्तर मला सापडलेलं नाही.

मग कोंडी फुटली कशी? १८९२ साली व्हेनिसला सुवेझपुरता एक करार झाला. जहाजांचे तीन वर्ग पाडले : बाधित, संशयित, निरोगी. प्रत्येक वर्गाला वेगळी वागणूक. निरोगी जहाजाला उगाच अडवायचं नाही. आणि पुढच्याच वर्षी ड्रेस्डेनला जे ठरलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक सरकारने आपल्या मुलखात कॉलऱ्याचं ठाणं दिसलं की इतरांना कळवायचं. त्याच्या बदल्यात इतरांनी मर्यादेबाहेर जायचं नाही. वापरलेले कपडे, अंथरुणं, चिंध्या एवढ्याच वस्तू अडवता येतील, बाकी माल चालू राहील. आजारी आणि लक्षणं दिसणारा माणूस थांबवता येईल, सगळ्या आगगाडीला कोंडून ठेवता येणार नाही.

हा सौदा होता. तुम्ही खरं सांगा, आम्ही अवाच्या सवा शिक्षा करणार नाही. तोपर्यंत प्रत्येक बंदर रोग लपवत होतं, कारण कबुली देणं म्हणजे आपल्या पोटावर आपणच पाय देणं. जंतूचं कारण कळल्यामुळे काय अडवावं आणि काय अडवू नये हे ठरवता येऊ लागलं, आणि म्हणूनच सौदा शक्य झाला. शास्त्राने देशांना एकत्र आणलं ते थोर विचार सांगून नव्हे. खरं बोलण्याचा खर्च त्याने कमी केला.

आणि तीन वर्षांतच या सौद्याची कसोटी मुंबईत लागली.

सप्टेंबर १८९६. मांडवी भागात ताप येऊन माणसं पटापट मरत होती. २३ सप्टेंबरला डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगश यांनी हा गाठीचा प्लेग आहे असं निदान केलं आणि ते उघडपणे सांगितलं. डॉ. व्हिएगश गोव्यातल्या हडफड्याचे. मुंबईत त्यांचा दवाखाना होता आणि नगरपालिकेच्या कारभारात ते होते. मांडवी म्हणजे धान्याच्या गोदामांचा, घाऊक व्यापाराचा भाग. तिथे प्लेग आहे असं म्हणणं म्हणजे बंदराच्या तोंडाला कुलूप लावण्यासारखं होतं. त्यांच्यावर विश्वास ठेवायला पुष्कळजण तयार नव्हते, पण बाकीच्या तपासण्यांनी त्यांचंच निदान खरं ठरवलं. ते कुठल्या परिषदेला गेले नाहीत, कुठल्या करारावर त्यांची सही नाही. तरीही ज्या खबरेवर ती सारी आंतरराष्ट्रीय व्यवस्था उभी होती ती अशा माणसाने दिली होती. मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे.

त्यानंतरच्या काही महिन्यांत मुंबईत जगभरचे तज्ज्ञ आले. ओडेसात जन्मलेला आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेला वाल्देमार हाफकिन कलकत्त्याहून आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये मिळालेल्या तुटपुंज्या जागेत त्याने लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली आणि महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांवर तिची चाचणी झाली. जर्मनीचं पथक आलं, त्यात कोख होता. ऑस्ट्रियाचं आलं. हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू शोधणारा येर्सिन आला. पोल-लुई सिमाँ हा फ्रेंच डॉक्टर आला आणि त्याने १८९८ साली कराचीत दाखवून दिलं की उंदरांवरची पिसू हा रोग पसरवते. एका शहराच्या संकटावर इतक्या देशांच्या शास्त्रज्ञांनी एकत्र काम करण्याचा हा बहुधा पहिलाच मोठा प्रसंग.

याला दुसरी बाजू आहे आणि ती आपल्या लोकांनी सोसली. फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगसाठीच म्हणून व्हेनिसला परिषद भरली. मुंबईहून हाजी घेऊन जाणारी जहाजं प्लेग घेऊन येतील ही तिची मुख्य धास्ती होती. मुंबईच्या मालावर बहिष्कार पडेल अशी भीती ब्रिटिश सरकारला होती. त्या वर्षी मुंबई आणि कराचीहून हजला जायला बंदी झाली. ४ फेब्रुवारीला, परिषद भरण्याच्या आधीच, साथरोगाचा कायदा मंजूर झाला होता. आपण किती कडक आहोत हे युरोपला दाखवणं सरकारला भाग होतं आणि ते दाखवलं गेलं मुंबई-पुण्याच्या माणसांवर. व्हेनिसच्या करारावर १९ मार्चला सह्या झाल्या. त्याच सुमाराला पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या समितीने गोऱ्या शिपायांकरवी घरं धुंडाळायला सुरुवात केली होती. देवघरापर्यंत बूट गेले, बायकांची तपासणी झाली, सामान जाळलं. पुढे २२ जूनला गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडला गोळी कशी घातली आणि टिळकांवर राजद्रोहाचा खटला कसा भरला गेला, हे मी या सभागृहात सांगायची गरज नाही. व्हेनिसच्या सह्यांच्या नऊ दिवस आधी, १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या.

रँडच्या आणि चापेकरांच्या इतिहासात व्हेनिस सहसा येत नाही. ते यायला हवं असं मला आग्रहाने म्हणायचं आहे. पुण्यातला जुलूम हा केवळ एका उद्दाम अधिकाऱ्याचा स्वभाव नव्हता. त्याच्यामागे आंतरराष्ट्रीय दबावाची एक साखळी होती आणि तिच्या एका टोकाला तज्ज्ञांनी आखलेला करार होता. त्या परिषदेत हिंदुस्थानची बाजू ब्रिटिश सरकारने नेमलेले अधिकारी मांडत होते. ज्यांच्या घरात शिपाई घुसणार होते त्यांच्या वतीने बोलणारं कुणी नव्हतं. ड्रेस्डेनच्या सौद्यात देशाला संरक्षण होतं, देशातल्या माणसाला नव्हतं. मित्रानीच्या सिद्धांतात मला जी फट दिसते ती हीच. काम तांत्रिक असलं की त्यातलं राजकारण नाहीसं होत नाही, ते फक्त खाली, गल्लीबोळात ढकललं जातं.

हाफकिनलाही याची झळ लागली. १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस टोचलेली एकोणीस माणसं धनुर्वाताने दगावली. ठपका प्रयोगशाळेवर, म्हणजे त्याच्यावर आला आणि त्याचं काम काढून घेतलं गेलं. दोष गावातच बाटली उघडताना घडला होता हे सिद्ध व्हायला, आणि त्याच्या बाजूने रोनाल्ड रॉससारखे शास्त्रज्ञ लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये जाहीरपणे उभे राहायला १९०७ साल उजाडलं. रशियन साम्राज्यात जन्मलेला यहुदी, नोकरी इंग्रजांची, जंतुशास्त्राची तालीम फ्रेंचांकडची. सगळ्या देशांना उपयोगी पडलेल्या माणसाच्या पाठीशी एकही देश नव्हता. परळच्या संस्थेला आज त्याचं नाव आहे.

सिमाँच्या शोधाचं पुढे काय झालं तेही सांगितलं पाहिजे. पिसूची गोष्ट मान्य व्हायला वेळ लागला, पण १९०३च्या पॅरिस करारात जहाजांवरचे उंदीर मारण्याची तरतूद आली. १९०७ साली रोममध्ये ठरून पॅरिसला कायमचं आंतरराष्ट्रीय आरोग्य कार्यालय निघालं. आता दर वेळी परिषद भरवायची वाट बघावी लागत नव्हती.

पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाच्या आरोग्य विभागाची सूत्रं लुडविक राइखमन या पोलिश जंतुशास्त्रज्ञाकडे आली आणि त्याने १९२५ साली सिंगापूरला पूर्वेकडचं केंद्र सुरू केलं. आशियातली बंदरं तिथे दर आठवड्याला तारेने कळवत : प्लेगचे रोगी किती, कॉलऱ्याचे किती, देवीचे किती. तारेत शब्दागणिक पैसे पडतात म्हणून खास सांकेतिक कोश केला होता. मोजक्या शब्दांत बरीच माहिती बसायची. जमलेली माहिती बिनतारी यंत्रावरून प्रसारित व्हायची, त्यामुळे भर समुद्रातल्या जहाजालाही पुढच्या बंदरात काय आहे हे कळायचं. तारसंघाच्या इंजिनिअरांनी जे बांधलं होतं त्याच्यावर डॉक्टरांनी आपला मजला चढवला. आणि दर आठवड्याला सगळेच कळवत असल्यामुळे, कळवणाऱ्या एकट्याकडे कुणी बोट दाखवत नव्हतं. राष्ट्रसंघाची युद्ध थांबवण्याची यंत्रणा कोलमडली त्या काळातही सिंगापूरच्या तारा येत राहिल्या. १९४२ साली जपानी फौजा आल्या तेव्हा हे काम थांबलं. राइखमन पुढे युनिसेफचा पहिला अध्यक्ष झाला.

देवीच्या निर्मूलनाची कथा आपल्याला बरीच माहीत आहे, म्हणून थोडक्यात. १९५८ साली सोव्हिएत संघाच्या व्हिक्टर झ्दानोव्हने जागतिक आरोग्य सभेत प्रस्ताव मांडला, १९६७ पासून नेतृत्व अमेरिकन डोनाल्ड हेंडरसनकडे आलं. शीतयुद्ध चालू असताना रशियन लस आणि अमेरिकन दोन टोकांची सुई एकाच पिशवीत घेऊन आपले लसटोचे गावोगाव फिरले. १९७५ साली भारतातली देवी संपली, १९८० साली ती जगातून गेल्याचं जाहीर झालं.

यानंतर आपण समजायला लागलो की खबरेचा प्रश्न सुटला. १९९४ साली तो भ्रम फुटला. किल्लारीच्या भूकंपानंतरचं ते वर्ष. बीड जिल्ह्यातल्या ममला गावात ऑगस्टअखेरीस गाठीच्या प्लेगचे संशयित रोगी आढळले आणि सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग म्हणून हाहाकार उडाला. सुरतेच्या कापडधंद्यात आपल्या खानदेशातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ती मिळेल त्या गाडीने घराकडे निघाली. देशभरात मृत्यू पन्नासाच्या आसपास झाले. पण अनेक देशांनी विमानं बंद केली, भारतीय माल अडवला. जागतिक आरोग्य संघटना सांगत होती की इतक्या निर्बंधांची गरज नाही, तरी कुणी ऐकलं नाही. नुकसानीचा अंदाज दीड-दोन अब्ज डॉलरपर्यंत गेला. ड्रेस्डेनला शंभर वर्षांपूर्वी ठरलेला सौदा सगळ्यांनी मिळून मोडला होता. कळवणाऱ्याला तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

हा अनुभव आणि २००३ सालचा सार्स यांतून २००५ साली आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम नव्याने लिहिले गेले. सार्सची पहिली ठाम सूचना हनोईतून कार्लो उर्बानी या इटालियन डॉक्टरने दिली आणि महिन्याभरात त्याच रोगाने त्याचा मृत्यू झाला. नव्या नियमांनुसार जागतिक आरोग्य संघटना सरकारच्या कळवण्याची वाट न बघता इतर मार्गांनी आलेल्या बातमीवर विचारणा करू शकते. जादा निर्बंध घालणाऱ्या देशाने अठ्ठेचाळीस तासांत शास्त्रीय कारण दिलं पाहिजे. कारण दिलं नाही तर? काही नाही. त्यापुढे शिक्षा नाही.

म्हणूनच नोव्हेंबर २०२१ मध्ये तेच पुन्हा घडलं. दक्षिण आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी करोनाचा ओमिक्रॉन हा नवा प्रकार ओळखला आणि झटपट जगाला कळवला. काही तासांत, काही दिवसांत एकामागून एक देशांनी आफ्रिकेच्या दक्षिणेकडून येणारी विमानं बंद केली. विषाणू तोवर इतर खंडांत पोचलेला होता, तरी शिक्षा झाली ती शोधणाऱ्यालाच.

२० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य सभेने महामारीविषयक करार मंजूर केला. जंतूंचे नमुने देणाऱ्या देशाला त्यापासून बनलेल्या लशीत वाटा किती, हे ठरवणारं परिशिष्ट मात्र तेव्हा पुढच्या वाटाघाटींवर सोडलं गेलं. अशा वाटाघाटींत बसणाऱ्या आपल्या तज्ज्ञांनी लशीच्या वाट्याइतकाच आणखी एका गोष्टीचा आग्रह धरावा असं मला वाटतं. वेळेवर खबर देणाऱ्या देशाला, त्याच्यावर शास्त्रीय आधाराशिवाय निर्बंध आले तर, आपोआप भरपाई देणारा निधी असावा. निर्बंध घालणाऱ्या श्रीमंत देशांनी तो भरावा. आणि त्या भरपाईतला ठरावीक हिस्सा त्या जिल्ह्याच्या आरोग्ययंत्रणेला मिळावा जिथल्या डॉक्टरने पहिला रोगी ओळखला, म्हणजे निदान उघड करताना त्याला आपल्या गावाच्या बाजारपेठेची काळजी एकट्याने वाहावी लागणार नाही. रकमेचं सूत्र अर्थशास्त्रज्ञांना बसवता येईल. मसुदा करताना मात्र जिल्हा पातळीवर काम केलेली माणसं शिष्टमंडळात असली पाहिजेत, नुसती दिल्लीतली आणि जिनिव्हातली नव्हेत. १८९७ साली व्हेनिसला ती नव्हती.